विश्लेषण : दातांना तारा लावण्याआधी थ्रीडी स्कॅन हवाच का?

मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तारा लावणे आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावातही ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे दंतव्यंगोपचार तज्ज्ञ आठवड्यातून एक-दोनदा येतात. उपचार सुरू होण्याआधी एक्स-रे काढावे लागतात, हे पालकांना ठाऊक असते. ओपीजी आणि ‘लॅटरल सेफ’ ही त्यातली नेहमीची दोन नावे. अलीकडे त्यांच्या जोडीला तिसरे नाव ऐकू येऊ लागले आहे, ते म्हणजे सीबीसीटी. हा जबड्याचा किंवा अख्ख्या कवटीचा त्रिमितीय स्कॅन. पडद्यावर तो फिरवून कुठूनही पाहता येतो. मात्र त्याचा खर्च जास्त असतो आणि त्यात शरीराला मिळणारी किरणांची मात्राही जास्त असते. तो प्रत्येक मुलाला हवा का, की ठरावीक वेळीच? जुन्या सपाट एक्स-रेमधून नेमके काय सुटते आणि थ्रीडी चित्रातून नेमके काय हाती लागते, हे समजून घेतले तर या प्रश्नाचे उत्तर सोपे होते.

दात सरळ करायला कवटीचे चित्र कशाला?

दात पुढे आले आहेत, एवढे आरशातही दिसते. ते का पुढे आले, हे मात्र आरसा सांगत नाही. कधी फक्त दात तिरके असतात. कधी वरचा जबडाच पुढे असतो, तर कधी वरचा जबडा जागेवर असून खालचा मागे राहिलेला असतो. बाहेरून तिन्ही चेहरे जवळपास सारखे दिसतात, पण उपचार वेगळे असतात. पहिल्या प्रकारात तारा पुरतात. खालचा जबडा मागे असलेल्या वाढत्या वयाच्या मुलाला त्याची वाढ पुढच्या दिशेला नेणारे उपकरण देता येते. वाढ संपलेल्या प्रौढात फरक मोठा असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

म्हणजे दोष दातांत आहे की हाडांत, हा पहिला प्रश्न. त्यासाठी बाजूने काढलेला कवटीचा एक्स-रे वापरतात. त्याला सेफॅलोग्राम म्हणतात, दवाखान्यातल्या भाषेत ‘लॅटरल सेफ’. ओपीजीमध्ये दोन्ही जबडे एका पट्टीसारखे उलगडून दिसतात. किती दात आहेत, कोणते हाडात अडकले आहेत, अक्कलदाढा कुठे आहेत, हे त्यातून कळते. ही दोन्ही चित्रे द्विमितीय, म्हणजे सपाट असतात.

ही पद्धत आली कुठून?

क्ष-किरणांचा शोध विल्हेम राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. दातांचे एक्स-रे पुढच्याच वर्षी निघू लागले. पण मोजमापासाठी ते निरुपयोगी होते, कारण प्रत्येक वेळी डोके थोडे वेगळ्या कोनात असे आणि चित्रातली लांबी-रुंदी बदलत असे. मानववंशशास्त्रज्ञ कोरड्या कवट्या मोजत होते. मात्र कोरडी कवटी वाढत नाही. मुलाचा चेहरा वर्षागणिक कसा बदलतो, हे तिच्यातून कळणे शक्य नव्हते.

अमेरिकेतील क्लीव्हलँडचे दंतव्यंगोपचार तज्ज्ञ हॉली ब्रॉडबेंट यांनी यावर उपाय शोधला. कोरड्या कवट्या एकाच स्थितीत धरून ठेवणाऱ्या उपकरणात त्यांनी बदल केले आणि जिवंत माणसाचे डोके स्थिर ठेवणारी चौकट बनवली. दोन्ही कानांत हलके दांडे बसवायचे आणि एक्स-रेची नळी ठरलेल्या अंतरावर ठेवायची. मग आज काढलेले आणि दोन वर्षांनी काढलेले चित्र एकावर एक ठेवून वाढ मोजता येते. १९३१ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जर्मनीत हर्बर्ट होफ्राथ यांनीही स्वतंत्रपणे तशीच पद्धत मांडली. नळीपासून डोक्याच्या मध्यरेषेपर्यंत पाच फूट हे अंतर तेव्हापासून अनेक ठिकाणी प्रमाण मानले गेले.

क्लीव्हलँडमध्ये हजारो निरोगी मुलांचे असे एक्स-रे वर्षानुवर्षे काढले गेले. मुलांच्या चेहऱ्याची वाढ कशी होते याची आजची बरीचशी समज या आणि अशा जुन्या संग्रहांवर उभी आहे. निरोगी मुलांवर केवळ अभ्यासासाठी दरवर्षी किरणे सोडायला आज कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही.

सेफॅलोग्राम वाचतात कसा?

चित्रावर काही ठरावीक बिंदू शोधतात. कवटीच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी ज्या खोबणीत असते तिचा मध्य म्हणजे ‘सेला’. कपाळाचे आणि नाकाचे हाड जिथे मिळतात तो ‘नेझिऑन’. वरच्या जबड्याच्या पुढच्या कडेवरचा सर्वांत खोलगट बिंदू ‘ए’, खालच्या जबड्यावरचा तसाच बिंदू ‘बी’. हे बिंदू रेषांनी जोडून कोन मोजतात.

सेसिल स्टाइनर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या विश्लेषणात सेला-नेझिऑन-ए हा कोन साधारण ८२ अंश आणि सेला-नेझिऑन-बी हा कोन साधारण ८० अंश धरला आहे. दोन्हींतला फरक दोन अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही जबडे एकमेकांशी जुळलेले मानतात. फरक सहा-सात अंशांवर गेला तर खालचा जबडा मागे किंवा वरचा पुढे असतो. फरक उणे झाला तर खालचा जबडा पुढे असतो.

हे आकडे सर्वांना सारखे लागू होत नाहीत. विल्यम डाउन्स यांनी १९४८ मध्ये मांडलेली प्रमाणे अवघ्या २० गोऱ्या किशोरवयीन मुलामुलींवरून काढलेली होती. भारतीय चेहऱ्यांत पुढचे दात आणि ओठ थोडे अधिक पुढे असणे स्वाभाविक मानले जाते. म्हणूनच भारतातील वेगवेगळ्या लोकसमूहांसाठी स्वतंत्र प्रमाणे काढण्याचे अभ्यास झाले आहेत, महाराष्ट्रातही झाले आहेत. परदेशी सरासरीत बसवण्यासाठी इथल्या मुलाचे दात काढणे योग्य ठरत नाही.

सेफॅलोग्रामचा आणखी एक फायदा असा, की त्यात मानेचे वरचे मणके दिसतात. त्यांच्या आकारावरून मुलाची वाढ किती उरली आहे, याचा अंदाज बांधता येतो. जबड्याची वाढ वळवणारे उपकरण कधी द्यायचे, हे ठरवायला तो कामी येतो.

मग सपाट चित्रात अडचण काय?

सेफॅलोग्राम ही शेवटी सावली आहे. भिंतीवर हाताची सावली पाडली, तर बोटे एकमेकांवर येतात आणि अंगठा पुढे आहे की मागे, ते कळत नाही. कवटीचेही तसेच होते. डावा आणि उजवा जबडा, दोन्ही बाजूंच्या दाढा, दोन्ही कानांची छिद्रे एकावर एक येतात.

त्यात भर पडते ती आकार वाढण्याची. किरणे एका बिंदूतून निघून पसरत जातात, म्हणून सावली मूळ वस्तूपेक्षा मोठी पडते. एक ढोबळ हिशेब करून पाहू. नळी डोक्याच्या मध्यरेषेपासून १५२ सेंटीमीटरवर आणि फिल्म मध्यरेषेच्या पलीकडे १५ सेंटीमीटरवर आहे, असे धरले तर मध्यरेषेवरची हाडे सुमारे १० टक्के मोठी दिसतात. जबड्याची नळीकडची बाजू मध्यरेषेपासून पाच सेंटीमीटर अलीकडे असेल, तर ती साडेतेरा टक्क्यांच्या आसपास मोठी दिसते. फिल्मकडची बाजू साडेसहा टक्क्यांनी. म्हणजे दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटर लांबीचे हाड असेल, तर एक ६८ आणि दुसरे ६४ मिलिमीटर भरेल. चेहरा पूर्ण सममित असूनही चित्रात जबड्याच्या दोन कडा दिसतात, त्या यामुळे. डिजिटल यंत्रात मध्यरेषेपुरती ही वाढ दुरुस्त करता येते, पण दोन्ही बाजूंची एकाच वेळी करता येत नाही.

मध्यरेषेवरचे बिंदू आणि त्यांतले कोन यांना याचा फारसा फटका बसत नाही. मात्र चेहरा खरोखरच एका बाजूला वाकडा असेल, तर बाजूने काढलेल्या चित्रातून ते कळणे अवघड असते. समोरून काढलेल्या सेफॅलोग्रामची मदत होते, पण त्यात डोके किंचित जरी वळले तरी नसलेले वाकडेपण दिसू लागते.

तिसरी अडचण बिंदू शोधण्याची. एकाच चित्रावर दोन तज्ज्ञ बिंदू ठेवतात तेव्हा ते तंतोतंत एकाच जागी पडत नाहीत. शेल्डन बॉमरिंड आणि रॉबर्ट फ्रांट्झ यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते, की काही बिंदू बऱ्यापैकी नेमके सापडतात, तर काहींची जागा पाहणाऱ्यागणिक सरकते. कान आणि जबड्याच्या कोपऱ्याजवळचे बिंदू त्रासदायक ठरतात, कारण तिथे अनेक हाडांच्या सावल्या एकत्र येतात.

सीबीसीटी वेगळे काय करते?

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या शोधासाठी त्यांना आणि अॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. सीटी यंत्रात किरणांचा पंख्यासारखा पातळ झोत शरीराभोवती फिरतो आणि काप काप करून चित्र बनते. दातांसाठी ते यंत्र मोठे, महाग आणि जास्त किरणे देणारे होते.

‘कोन बीम सीटी’ म्हणजेच सीबीसीटीमध्ये झोत शंकूच्या आकाराचा असतो. समोर सपाट संवेदक असतो. नळी आणि संवेदक डोक्याभोवती एकच फेरी मारतात आणि तेवढ्यात शेकडो चित्रे टिपली जातात. संगणक त्यांतून पूर्ण त्रिमितीय आकार उभा करतो. फेरीला साधारण १० ते ४० सेकंद लागतात. दातांसाठीची अशी यंत्रे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटली आणि जपानमध्ये तयार झाली. इटलीतील व्हेरोना येथे बनलेले ‘न्यूटॉम’ हे त्यांतले सुरुवातीचे. २००१ मध्ये सीबीसीटीला अमेरिकेत परवानगी मिळाली.

या चित्राचा सर्वांत लहान घटक म्हणजे ‘व्हॉक्सेल’, एक बारीक चौकोनी ठोकळा. त्याची बाजू बहुधा ०.१ ते ०.४ मिलिमीटर असते. ठोकळा तिन्ही दिशांनी सारखाच असल्याने कोणत्याही कोनातून काप घेतला तरी मापे विकृत होत नाहीत. डावे-उजवे वेगळे दिसते, एकावर एक सावल्या पडत नाहीत आणि आकार मूळ मापाचा राहतो. याच माहितीतून संगणकावर सेफॅलोग्राम आणि ओपीजीसारखी सपाट चित्रेही काढता येतात.

मग थ्रीडीत मोजमाप आपोआप अचूक होते का?

लांबी मोजण्यापुरते पाहिले तर बहुतांशी होय. कोरड्या कवटीवर प्रत्यक्ष घेतलेली मापे आणि सीबीसीटीवरची मापे बरीच जुळतात. पण निदानात मोजमाप ही अर्धीच गोष्ट असते. ते माप कशाशी ताडून पाहायचे, हा उरलेला अर्धा भाग.

पहिला प्रश्न बिंदूंचा. ‘सेला’ हा बिंदू हाडावर नाही, खोबणीच्या पोकळीच्या मध्यावर आहे. सपाट चित्रात पोकळीची कडा गोल दिसते आणि तिचा मध्य सहज काढता येतो. त्रिमितीत तो हवेत तरंगणारा बिंदू होतो, तो तीन वेगवेगळ्या कापांत जुळवून ठेवावा लागतो. ‘सर्वांत खोलगट’ किंवा ‘सर्वांत पुढचा’ अशा व्याख्या बाजूने पाहतानाच नेमक्या असतात. कवटी फिरवली की ‘पुढचा’ म्हणजे कुठला, हा प्रश्न येतो. म्हणून बऱ्याच बिंदूंच्या व्याख्या नव्याने ठरवाव्या लागल्या.

दुसरा प्रश्न प्रमाणांचा. सपाट चित्रांसाठी नऊ दशकांचा साठा आहे. वय, लिंग आणि लोकसमूहानुसार सरासरी उपलब्ध आहेत. त्रिमितीय मापांसाठी एवढा मोठा साठा नाही आणि निरोगी मुलांचे दरवर्षी स्कॅन काढून तो तयारही करता येणार नाही. त्यामुळे महागडा स्कॅन काढूनही अनेकदा त्यातून सपाट सेफॅलोग्राम बनवला जातो आणि जुनेच कोन मोजले जातात. वेगळी काही अडचण नसताना केवळ एवढ्यासाठी स्कॅन काढला असेल, तर जादा किरणांच्या बदल्यात मुलाला जादा काही मिळत नाही.

तिसरा प्रश्न चित्राच्या स्वभावाचा. पुढच्या दातांच्या मुळांवरचे हाड काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असते. ठोकळा ०.३ किंवा ०.४ मिलिमीटरचा असेल तर एवढे पातळ हाड चित्रात पुसट होते किंवा दिसतच नाही. हाड असूनही ‘इथे हाड नाही’ असे वाटू शकते. मूल फेरीदरम्यान हलले तर चित्र धूसर होते. दातांत धातू असेल तर त्याभोवती रेघा उमटतात. मऊ ऊतींमधला फरक सीबीसीटीत नीट दिसत नाही. त्यामुळे जबड्याच्या सांध्यातली चकती पाहायची असेल तर एमआरआयच लागते.

किरणांची मात्रा किती?

शरीरावर होणाऱ्या परिणामाच्या हिशेबाने किरणांची मात्रा मायक्रोसीव्हर्टमध्ये मोजतात. माती, खडक, हवा आणि अवकाश यांतून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २,४०० मायक्रोसीव्हर्ट मिळतातच. म्हणजे रोज साडेसहाच्या आसपास.

त्या मानाने डिजिटल सेफॅलोग्रामची मात्रा बहुधा १० मायक्रोसीव्हर्टच्या आत असते, म्हणजे एक-दीड दिवसाच्या नैसर्गिक किरणांइतकी. ओपीजीची साधारण १० ते २५, म्हणजे दोन ते चार दिवसांची. सीबीसीटीची मात्रा यंत्र, चित्राचा आकार आणि निवडलेली सेटिंग यांवर खूप बदलते. जॉन लडलो आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रौढांमध्ये मोठ्या आकाराच्या स्कॅनची सरासरी सुमारे २१२ आणि लहान आकाराच्या स्कॅनची ८४ मायक्रोसीव्हर्ट आढळली. मुलांमध्ये मध्यम आणि मोठ्या स्कॅनची सरासरी सुमारे १७५, लहान स्कॅनची १०३ होती. मुलाचा मोठा स्कॅन म्हणजे जवळपास चार आठवड्यांची नैसर्गिक किरणे. डोक्याच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र दोन हजार मायक्रोसीव्हर्टच्या आसपास मात्रा असते, त्या तुलनेत सीबीसीटी बरेच कमी.

हे आकडे घाबरून जाण्यासारखे नाहीत. एका स्कॅनमुळे एखाद्या मुलाला धोका होण्याची शक्यता अगदी कमी असते. पण किरण संरक्षणाचा हिशेब एका मुलाचा नसतो. तारा लावणारी मुले वाढत्या वयातली असतात, त्यांच्या पेशी किरणांना अधिक संवेदनशील असतात, थायरॉइड ग्रंथी झोताच्या जवळ असते आणि पुढे उभे आयुष्य असते. लाखो मुलांचे गरज नसताना स्कॅन काढले, तर एकेकाचा छोटा धोका मिळून मोठा होतो. म्हणूनच जगभर एक साधे तत्त्व पाळले जाते. निदानाला पुरेल एवढेच चित्र आणि त्यासाठी लागेल तेवढीच मात्रा.

थ्रीडी स्कॅन कुठे निर्णायक ठरतो?

सर्वांत स्पष्ट उदाहरण अडकलेल्या सुळ्याचे. अक्कलदाढांनंतर सर्वाधिक अडकणारा दात म्हणजे वरचा सुळा. साधारण एक ते दोन टक्के लोकांत तो हाडातच राहतो. त्याला तारेने ओढून जागेवर आणायचे तर तो टाळूच्या बाजूला आहे की ओठाच्या, हे आधी कळायला हवे. त्यावर हिरडी कुठून उघडायची आणि दात कोणत्या दिशेला ओढायचा, ते ठरते.

सपाट चित्रांतूनही हे काही प्रमाणात कळते. १९१० पासून माहीत असलेली युक्ती अशी, की नळी थोडी सरकवून दोन एक्स-रे काढायचे. एसटीच्या खिडकीतून पाहताना जवळची झाडे मागे पळतात आणि दूरचा डोंगर आपल्यासोबत चालल्यासारखा वाटतो, तोच हा प्रकार. नळीच्या दिशेनेच सरकलेला सुळा टाळूकडे असतो, उलट सरकलेला ओठाकडे. अनेक मुलांत एवढे पुरते.

पण सुळ्याने शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ खायला सुरुवात केली असेल तर ते सपाट चित्रात लपून राहू शकते, कारण दोन्ही सावल्या एकमेकींवर पडतात. स्वीडनमधील सुने एरिक्सन आणि युरी कुरोल यांनी २००० मध्ये भरकटलेले सुळे असलेल्या मुलांचे सीटी स्कॅन तपासले. त्यांतल्या सुमारे ३८ टक्के शेजारच्या पटाशीच्या दातांची मुळे झिजलेली आढळली. साध्या एक्स-रेवरून आधी वाटत होते त्याहून हे प्रमाण बरेच मोठे होते. जो दात वाचवायचा त्याचेच मूळ झिजलेले असेल, तर कोणता दात ठेवायचा आणि कोणता काढायचा, हा निर्णयच उलटू शकतो.

चेहऱ्याचे ठळक वाकडेपण, जबड्यांची शस्त्रक्रिया, फाटलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू, जादा किंवा एकमेकांत अडकलेले दात, जबड्याच्या सांध्याच्या हाडातले बदल या ठिकाणीही स्कॅनचा उपयोग होतो. दुभंगलेल्या टाळूच्या मुलांत हिरडीच्या फटीत किती हाड भरायचे, भरलेले हाड टिकले का, हे सपाट चित्रात नीट दिसत नाही. जबड्याच्या शस्त्रक्रियेत हाड कुठे कापायचे आणि किती सरकवायचे, याची रंगीत तालीम आता संगणकावर करता येते. ती त्रिमितीय चित्राशिवाय शक्य नाही.

आणि कुठे गरज नसते?

दातांची साधी गर्दी, थोड्या फटी, दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा आणि जागेवर येणारे सगळे दात, अशा मुलांत थ्रीडी स्कॅनने उपचार बदलत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात तज्ज्ञांना आधी नेहमीची चित्रे आणि मग सीबीसीटी दाखवून त्यांचा बेत बदलतो का, हे पाहिले गेले. न उगवलेले दात, मुळांची गंभीर झीज आणि जबड्यांतला मोठा फरक या गटांत बेत बदलला. दातांची गर्दी, सांधा आणि श्वसनमार्ग यांसाठी काढलेल्या स्कॅनचा तसा फायदा दिसला नाही.

घोरण्यासाठी किंवा झोपेत श्वास अडखळण्यासाठी श्वसनमार्गाचा स्कॅन काढावा, असेही सुचवले जाते. मात्र स्कॅन जागेपणी निघतो, तोही बसून किंवा उभ्याने. झोपेत स्नायू सैल पडल्यावर काय होते, ते त्यात दिसत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्सने २०१९ च्या आपल्या अहवालात स्पष्ट केले, की अशा चित्रांवरून स्लीप अॅप्नियाचे निदान करू नये. त्यासाठी झोपेची चाचणीच लागते.

हीच कसोटी जुन्या सेफॅलोग्रामलाही लावता येते. २००८ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या एका अभ्यासात खालचा जबडा मागे असलेल्या मुलांसाठी सेफॅलोग्राम पाहून आणि न पाहता केलेल्या बेतांत फारसा फरक पडला नाही. चेहरा, दातांचे साचे आणि फोटो यांतूनच बहुतेक निर्णय झाले होते. चित्र सपाट असो वा त्रिमितीय, त्याने निर्णय बदलणार नसेल तर ते काढायचे कशाला, हा प्रश्न दोन्हींना सारखाच लागू होतो.

नियम काय सांगतात?

मुलांच्या सीबीसीटीवरून २०१० मध्ये अमेरिकेत बराच गाजावाजा झाला. ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने त्याच वर्षी सीबीसीटी सरसकट आवश्यक नाही, असे जाहीर केले. २०१३ मध्ये तेथील मुखविकिरण तज्ज्ञांच्या अकादमीने ऑर्थोडॉन्टिक्ससाठी शिफारशी दिल्या. आधी रुग्ण तपासावा, विशिष्ट प्रश्न असेल आणि कमी मात्रेच्या चित्राने तो सुटत नसेल तरच सीबीसीटी काढावा, केवळ सेफॅलोग्राम मिळवण्यासाठी काढू नये, असा त्यांचा आशय आहे. सीबीसीटी काढायचे ठरलेच असेल तर वेगळे ओपीजी आणि सेफॅलोग्राम काढू नयेत, कारण ते त्यातूनच बनवता येतात. युरोपीय आयोगाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही तोच आहे.

भारतात वैद्यकीय एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. त्याचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. यंत्र वापरण्यासाठी मंडळाच्या ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. मात्र एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. किरणांची वार्षिक कमाल मर्यादा कर्मचाऱ्यांसाठी आणि सर्वसामान्य जनतेसाठी ठरलेली आहे. उपचारासाठी चित्र काढणाऱ्या रुग्णाला ती लागू होत नाही, कारण गरज असेल तर चित्र निघालेच पाहिजे. म्हणजे अनावश्यक स्कॅन रोखणारी खरी चाळणी एकच, ती म्हणजे चित्र लिहून देणाऱ्या डॉक्टरचा विवेक.

पालकांनी काय विचारावे?

स्कॅन सुचवला गेला तर पहिला प्रश्न असा असावा, की ‘या चित्रातून नेमके काय पाहायचे आहे आणि त्यावरून उपचारात काय बदलेल?’ ‘डावा सुळा टाळूकडे आहे का आणि त्याने शेजारच्या दाताचे मूळ खाल्ले आहे का, ते पाहायचे आहे’ हे नेमके उत्तर झाले. ‘आमच्याकडे सगळ्यांचाच काढतो’ हे उत्तर पुरेसे नाही.

त्यानंतर स्कॅनचा आकार विचारावा. एका सुळ्याचा प्रश्न असेल तर त्या भागापुरता लहान स्कॅन भागतो, अख्ख्या कवटीची गरज नसते. मुलांसाठीची कमी मात्रेची सेटिंग वापरणार का, हेही विचारता येते. आधी कुठे ओपीजी, सेफॅलोग्राम किंवा स्कॅन काढला असेल तर त्याची फाइल सोबत न्यावी. डिजिटल फाइल दुसऱ्या दवाखान्यातही उघडते आणि तेच चित्र पुन्हा काढावे लागत नाही.

शेवटचा मुद्दा अहवालाचा. मोठ्या स्कॅनमध्ये दातांपलीकडचे सायनस, मानेचे मणके, कवटीचा तळ असे बरेच काही येते. तिथे एखादा वेगळा दोष असू शकतो. त्यामुळे दातांपुरतेच पाहून भागत नाही, पूर्ण स्कॅन प्रशिक्षित डोळ्यांनी वाचला गेला पाहिजे. लेखी अहवाल मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. तो स्कॅनच्या फाइलसोबत जपून ठेवावा. पुढे डॉक्टर बदलले किंवा काही वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तर तुलनेसाठी तो हाताशी राहतो.